बारा क्वेरींच्या फाइलमधली एकच क्वेरी चालवायची असेल, तर

प्रश्न असा आहे: एकाच फाइलमध्ये डेटाबेसला द्यायच्या दहा-बारा एसक्यूएल क्वेरी लिहून ठेवल्या आहेत. बऱ्याचशा नुसत्या सिलेक्ट, काही अपडेट, एक-दोन डिलीट. त्यातली एकच चालवायची असते, पण रन दाबलं की सगळ्या सुटतात. दर वेळी माउसने निवडूनच चालवायचं का? आणि निवडून चालवली, तर कधीकधी ‘व्हेरिएबल डिक्लेअर केलेला नाही’ अशी एरर का येते?

आधी थेट उत्तर. बहुतेक एडिटरमध्ये ‘चालव’ म्हणायच्या दोन कमांड असतात: एक कर्सर जिथे आहे तेवढ्या स्टेटमेंटसाठी (म्हणजे एका पूर्ण आदेशासाठी), दुसरी अख्ख्या स्क्रिप्टसाठी. तुम्ही बहुधा दुसरी दाबता आहात. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये कंट्रोल-एंटरने कर्सरखालचं एकच स्टेटमेंट चालतं, कंट्रोल-शिफ्ट-एंटरने सगळं. टूलबारवर विजेची चिन्हं शेजारीशेजारी आहेत. ज्या विजेवर कर्सरची उभी खूण आहे ती एकट्या स्टेटमेंटची. डीबीव्हरमध्ये एकासाठी कंट्रोल-एंटर, स्क्रिप्टसाठी ऑल्ट-एक्स. ओरॅकल एसक्यूएल डेव्हलपरमध्ये एकासाठी कंट्रोल-एंटर, स्क्रिप्टसाठी एफ५. डेटाग्रिपमध्ये कर्सर सबक्वेरीच्या (क्वेरीतल्या क्वेरीच्या) आत असताना कंट्रोल-एंटर दाबलं, तर आतली चालवू की बाहेरची अशी यादी येते आणि यादीत वर-खाली फिरताना तो तो भाग रंगून दिसतो. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण नेमकं काय चालणार ते आधीच दिसतं. पोस्टग्रेसच्या पीजीॲडमिनमध्ये एफ५ म्हणजे सगळं. अलीकडच्या आवृत्त्यांत कर्सरखालची क्वेरी चालवायची वेगळी कमांड आली आहे आणि ती क्वेरी अधोरेखित होऊन दिसते.

एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओची रीत निराळी. तिथे एफ५ दाबलं की जेवढं निवडलंय तेवढं चालतं, आणि काहीच निवडलेलं नसेल तर पूर्ण खिडकी चालते. कर्सर कुठे आहे हे एफ५ बघत नाही. वर्षानुवर्षं वर्कबेंचवर काम केलेला माणूस इथे आला, की कर्सर ठेवतो, रन करतो आणि खालचे डिलीटसुद्धा चालून जातात. म्हणून नव्या टूलवर बसल्यावर लाइव्ह डेटाबेसला जोडण्याआधी मी त्याच्या कळा तपासतो. दुसऱ्या टूलची सवय बोटांत इतकी मुरलेली असते की डोकं चालायच्या आत हात चालतो.

कळ कळली, आता त्यामागचं. ‘एक स्टेटमेंट’ कुठून कुठपर्यंत, हे रन दाबण्याच्या क्षणी एडिटर ठरवतो. डेटाबेसला फक्त त्याने पाठवलेला मजकूर दिसतो. तुमच्या फाइलमध्ये वर काय होतं, खाली काय राहिलं, याचा सर्व्हरला पत्ताच नसतो. आणि एडिटरचा निर्णय हा शेवटी अंदाज असतो. तो कशावरून बांधला जातो हे ज्याला माहीत आहे, त्याचे घोळ कमी होतात.

पहिली खूण सेमीकोलनची. ती किती काटेकोर असते हे पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या कमांड लाइनच्या टूलमध्ये छान दिसतं. ‘विक्री’ नावाच्या डेटाबेसवर असाल तर सुरुवातीचा प्रॉम्प्ट असा असतो (कोड इथे देवनागरीत देतोय, तुम्ही नेहमीसारखाच टाइप करा):

विक्री=> सिलेक्ट काउंट(*)
विक्री-> फ्रॉम ऑर्डर्स
विक्री->

बरोबरच्या चिन्हाची आडवी रेघ झाली, म्हणजे तो सांगतोय की स्टेटमेंट अजून संपलेलं नाही, मी वाट बघतोय. नवखा माणूस इथे एंटर मारत राहतो, काही होत नाही म्हणून तीच क्वेरी परत लिहितो आणि शेवटी सेमीकोलन देतो. मग दोन्ही क्वेरी जोडून जातात आणि सिंटॅक्स एरर येते. रेघेच्या जागी एकेरी अवतरण दिसलं, तर कुठेतरी कोट उघडा राहिलाय. अशा वेळी आधी तो कोट बंद करा, मग बॅकस्लॅश-आर दिलं की साठलेलं सगळं पुसलं जातं. मायएसक्यूएलच्या कमांड लाइनवर हेच काम बॅकस्लॅश-सी करतं.

दुसरी खूण रिकाम्या ओळीची, आणि ही जास्त दगा देते. डीबीव्हरमध्ये एक सेटिंग आहे: रिकामी ओळ आली की स्टेटमेंट संपलं असं मानायचं का. नेहमी, कधीच नाही, किंवा पुढचा मजकूर बघून ठरव, असे पर्याय असतात. ते ‘नेहमी’वर असेल आणि वाचायला सोपं जावं म्हणून तुम्ही व्हेअरच्या (कुठले रेकॉर्ड हवेत त्या अटीच्या) आधी एक ओळ मोकळी सोडली असेल, तर काय होईल ते डोळ्यासमोर आणा. वरचा अर्धा भाग स्वतःच एक पूर्ण, वैध स्टेटमेंट आहे. सिलेक्ट असेल तर नको ते रेकॉर्ड दिसतील, एवढंच. डिलीट असेल तर टेबल रिकामं. ओरॅकलच्या एसक्यूएल-प्लसमध्येही मुळात रिकाम्या ओळीने स्टेटमेंट तुटतं. एसक्यूएलब्लँकलाइन्स ऑन केलं तरच ते तसंच पुढे चालू राहतं.

तिसरी खूण ‘गो’. हा एसक्यूएलचा शब्द नाही आणि सर्व्हरपर्यंत तो जातही नाही. मॅनेजमेंट स्टुडिओ आणि एसक्यूएलसीएमडी (कमांड लाइनचं टूल) हे त्यावरून मजकुराचे तुकडे पाडतात, त्या तुकड्याला बॅच म्हणतात. ‘गो ५’ लिहिलं तर ती बॅच पाच वेळा चालते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सेमीकोलन बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असल्यामुळे तिथे लोक तो देतच नाहीत. मग विथने सुरू होणारी क्वेरी लिहिली, की आधीचं स्टेटमेंट सेमीकोलनने संपव अशी तक्रार येते. मर्जला तर शेवटी सेमीकोलन लागतोच. सेमीकोलन नेहमी द्यायची सवय ठेवा, कुठलाही डेटाबेस असो.

तुमच्या एडिटरचा अंदाज कसा चालतो हे पुस्तकात शोधण्यापेक्षा पाच मिनिटांत करून बघा. नव्या टॅबमध्ये एवढंच लिहा:

सिलेक्ट १ ॲज पहिली;

सिलेक्ट 'अ;ब' ॲज दुसरी;

सिलेक्ट ३ ॲज तिसरी

सिलेक्ट ४ ॲज चौथी;

ओरॅकलच्या जुन्या आवृत्तीवर असाल तर प्रत्येकीला फ्रॉम ड्युअल जोडा. तिसरीला मुद्दाम सेमीकोलन दिलेला नाही. आता कर्सर दुसरीवर ठेवून चालवा. कोटच्या आतल्या सेमीकोलनला एडिटर फसतो का ते दिसेल. मग तिसरीवर ठेवा. तिसरी एकटी चालली, तर तुमचा एडिटर रिकाम्या ओळीवर किंवा पुढच्या सिलेक्ट शब्दावर तोडतोय. एरर आली, तर त्याने तिसरी आणि चौथी जोडून पाठवल्या. मग कर्सर पहिलीच्या सेमीकोलनच्या लगेच पुढे ठेवून बघा, आणि नंतर मधल्या मोकळ्या ओळीवर. या दोन जागी एडिटर सर्वांत जास्त वेगवेगळे वागतात: कुणी मागची चालवतो, कुणी पुढची, कुणी काहीच नाही. शेवटी दुसरीच्या वर एका कॉमेंटमध्ये एक सुटा ॲपॉस्ट्रॉफी टाकून परत चालवा. त्याने गणित बिघडलेले एडिटर मी पाहिले आहेत.

आता माउसने निवडण्याबद्दल. निवडून चालवणं वाईट नाही. मॅनेजमेंट स्टुडिओत तर तोच मार्ग आहे. पण निवड अपुरी राहिली तर ती कोणी सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. नऊ ओळींचं अपडेट होतं, शेवटची ओळ ‘अँड शाखा_क्र = १७’ अशी. मी वरून खाली निवडत आलो, शेवटची ओळ स्क्रीनच्या कडेखाली गेलेली होती, आणि निवड आठव्या ओळीवर थांबली. एफ५ दाबलं. दोनशेच्या आसपास रेकॉर्ड बदलायला हवे होते. खाली आकडा आला चाळीस हजारांच्या पुढचा. स्टेटमेंट व्याकरणाला धरून पूर्ण बरोबर होतं, त्यामुळे ना एरर, ना प्रश्न, आणि कमिट (बदल पक्का होणं) आपोआप झालेलं. रात्रीचा बॅकअप वेगळ्या नावाने रिस्टोअर करून, त्यातून त्या कॉलमच्या जुन्या किमती (व्हॅल्यू) उचलून परत भरायला पूर्ण दिवस गेला. त्या दिवसात इतरांनी खऱ्याच बदललेल्या किमती पुसल्या जाऊ नयेत म्हणून एकेक फरक तपासावा लागला. सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला.

तेव्हापासून मी बदल करणारं प्रत्येक स्टेटमेंट असं लिहितो:

डिलीट फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर (
  स्टेटस = 'रद्द'
  अँड तारीख < '२०२३-०१-०१'
  अँड शाखा_क्र = १७
);

टेबलचं नाव, व्हेअर आणि उघडा कंस एकाच ओळीवर. बंद होणारा कंस एकटा शेवटच्या ओळीवर. आता यातली कुठलीही ओळ निवडीतून सुटली, तर एक तर सुरुवात नाही किंवा कंस बंद नाही, आणि दोन्ही वेळा सिंटॅक्स एरर येते. रिकाम्या ओळीने एडिटरने मध्येच तोडलं तरी तेच. चुकून मध्ये सेमीकोलन पडला तरी तेच. अर्धवट स्टेटमेंट चालूच शकत नाही अशी त्याची रचना झाली. ही युक्ती ओरॅकल, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, सगळीकडे चालते, कारण तिला कुठलं सेटिंग लागत नाही. तुमच्या फाइलमधल्या अपडेट-डिलीटना आजच असे कंस घालून टाका. बाकी सगळं नंतर केलंत तरी चालेल.

मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये याशिवाय सेफ अपडेट्स नावाचं संरक्षण सुरुवातीपासून चालू असतं. व्हेअरमध्ये ‘की’ कॉलम (इंडेक्स असलेला कॉलम) नसलेलं अपडेट किंवा डिलीट तो अडवतो आणि ११७५ क्रमांकाची एरर देतो. वैतागून ते कायमचं बंद करणारे खूप लोक आहेत. तसं करू नका. गरज असेल तेव्हा त्या सेशनपुरतं (चालू कनेक्शनपुरतं) बंद करा आणि लगेच चालू करा.

तुमचा दुसरा प्रश्न, व्हेरिएबलचा. फाइलच्या वरच्या भागात डिक्लेअर आहे आणि खाली ते व्हेरिएबल वापरलंय. तुम्ही फक्त खालचं निवडलंत, म्हणून सर्व्हरला फक्त खालचं मिळालं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्हेरिएबलचं आयुष्य एका बॅचपुरतं असतं, त्यामुळे डिक्लेअर आधी वेगळं चालवून ठेवलं तरी उपयोग नाही. दोन्ही एकत्रच निवडायला हवं. टेंपररी टेबलचं तसं नाही. ते सेशनभर टिकतं, म्हणून एकदा बनवलं की खालची क्वेरी सुटी चालवता येते, पण त्याच टॅबमधून. मॅनेजमेंट स्टुडिओत प्रत्येक क्वेरी टॅबचं कनेक्शन वेगळं असतं आणि एका टॅबचं साधं टेंपररी टेबल दुसऱ्या टॅबला दिसत नाही.

याहून त्रासदायक प्रकार ‘यूज’चा. फाइलच्या पहिल्या ओळीत यूज लिहून योग्य डेटाबेस निवडलाय, आणि तुम्ही सातवी क्वेरी एकटी चालवलीत. ती ओळ चाललीच नाही, त्यामुळे क्वेरी वरच्या ड्रॉपडाउनमध्ये जे नाव दिसतंय तिथे गेली. मायएसक्यूएलमध्ये काहीच निवडलेलं नसेल तर निदान १०४६ क्रमांकाची एरर येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र ड्रॉपडाउन बऱ्याचदा मास्टर या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसवर असतो आणि क्रिएट टेबल मास्टरमध्ये जाऊन बसतं. जुन्या सर्व्हरवर मास्टर उघडून बघितलं की अशी अनाथ टेबलं हमखास सापडतात. पोस्टग्रेसमध्ये हीच गोष्ट सर्च पाथची, म्हणजे टेबल कुठल्या स्कीमात (टेबलांच्या गटात) आधी शोधायचं त्या यादीची: टेस्टिंगचा स्कीमा आणि खरा स्कीमा एकाच डेटाबेसमध्ये, दोन्हीकडे त्याच नावाचं टेबल, आणि पाथ बदलणारी ओळ निवडीबाहेर. जी क्वेरी सुटी चालवली जाणार आहे, तिच्यात टेबलच्या आधी स्कीमाचं नाव लिहा, एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याआधी डेटाबेसचंही. थोडं जास्त टाइप करावं लागतं, पण ती क्वेरी मग वरच्या ओळींवर अवलंबून राहत नाही.

एकेकटं चालवणं आणि एकत्र चालवणं यात निकालाचाही फरक पडतो, आणि हे पुष्कळ अनुभवी लोकांच्याही लक्षात नसतं. पोस्टग्रेसला अनेक स्टेटमेंट एकाच संदेशात पाठवली, तर तो त्या सगळ्यांना मिळून एक ट्रान्झॅक्शन धरतो, म्हणजे एकत्र पक्का किंवा एकत्र रद्द होणारा गट. पाचवं फसलं की आधीची चारही मागे जातात. पीएसक्यूएल मात्र सेमीकोलनवर तोडून एकेक पाठवतो, म्हणून तिथे आधीची चार टिकतात. तीच फाइल, तोच डेटाबेस, दोन टूल, दोन वेगळे निकाल. व्हॅक्यूम (टेबलची साफसफाई करणारी कमांड) ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालू शकत नाही अशी एरर बघून लोक गोंधळतात, कारण त्यांनी ट्रान्झॅक्शन सुरू करणारं बिगिन लिहिलेलंच नसतं. पीजीॲडमिनमधून इतर क्वेरींबरोबर एफ५ने पाठवलं म्हणून तसं होतं. तेवढंच निवडून चालवा, चालतं.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये उलट बाजूने तेच. एका बॅचमध्ये ऑल्टर टेबलने नवा कॉलम जोडला आणि लगेच खाली अपडेटने त्यात किंमत भरली, तर ‘असा कॉलम नाही’ म्हणून एरर येते. बॅच चालण्याआधी तपासली जाते आणि त्या वेळी कॉलम जन्मलेलाच नसतो. दोन्ही वेगवेगळी चालवा किंवा मध्ये गो द्या.

ट्रान्झॅक्शनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सुटी क्वेरी चालवणारा माणूस इथेच फसतो. ऑटोकमिट चालू असेल तर स्टेटमेंट संपताक्षणी बदल पक्का. एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसच्या टूल्समध्ये साधारणपणे तसंच असतं. एसक्यूएल डेव्हलपरमध्ये ते सुरुवातीला बंद असतं, म्हणजे अपडेट केल्यावर तुम्हाला स्वतःच्या खिडकीत बदल दिसतो, बाकी कुणालाच दिसत नाही, आणि ते रेकॉर्ड लॉक होऊन राहतात. तुम्ही जेवायला गेलात आणि इकडे ॲप्लिकेशन अडकून पडलं, असा फोन मी कितीतरी वेळा घेतला आहे. रन केल्यावर कमिट किंवा रोलबॅक (बदल मागे घेणं) दिल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, हा नियम स्वतःला लावून घ्या.

त्यात भर म्हणजे ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये क्रिएट, ऑल्टर, ड्रॉप यांनी न विचारता कमिट होतं. अपडेट करून तुम्ही आकडा तपासत आहात, रोलबॅकचा विचार चालू आहे, आणि तेवढ्यात त्याच टॅबमध्ये एक इंडेक्स बनवलात. संपलं, तो अपडेट पक्का झाला. पोस्टग्रेसमध्ये असं होत नाही. तिथे बहुतेक असे बदलसुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये असतात आणि मागे घेता येतात. पण त्याची वेगळी खोड आहे: ट्रान्झॅक्शनमध्ये एक क्वेरी चुकली की पुढच्या बरोबर क्वेरीलाही ‘ट्रान्झॅक्शन अबॉर्ट झालंय, ब्लॉक संपेपर्यंत कमांड दुर्लक्षित’ असं उत्तर येत राहतं. त्या नव्या क्वेरीत चूक शोधत बसू नका. रोलबॅक द्या आणि परत चालवा.

लाइव्ह डेटाबेसवर एकच बदल करायचा असेल तर माझा क्रम ठरलेला आहे. आधी त्याच कंसातल्या अटींनी सिलेक्ट काउंट. आकडा कागदावर लिहितो, खरोखर कागदावर. मग बिगिन ट्रान्झॅक्शन एकटं चालवतो. मग अपडेट किंवा डिलीट. खाली आलेला ‘इतके रेकॉर्ड बदलले’ हा आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडतो. जुळला तर कमिट, एकानेही फरक पडला तर रोलबॅक. कमिट आणि रोलबॅक या दोन्ही ओळी फाइलमध्ये कॉमेंट करून ठेवलेल्या असतात आणि त्यातला शब्द तेवढा निवडून चालवतो. म्हणजे चुकून पूर्ण फाइल चालली तरी कमिट आपोआप होत नाही.

निकालाच्या तक्त्याबद्दल एवढंच, की तो पूर्ण असतो असं धरू नका. वर्कबेंच सिलेक्टला सुरुवातीला १००० रेकॉर्डची मर्यादा घालतो, डीबीव्हर पहिले २०० आणतो, एसक्यूएल डेव्हलपर ५०. क्वेरी लगेच आली म्हणून ती वेगवान आहे असा निष्कर्ष यावरून काढू नये.

प्रोसीजर (डेटाबेसमध्ये साठवायचा, अनेक स्टेटमेंटचा प्रोग्राम) लिहिताना मात्र कर्सरवाली सोय टाळा. आत अनेक सेमीकोलन असतात आणि एडिटर पहिल्याच सेमीकोलनवर तोडण्याची शक्यता असते. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी आधी डिलिमिटर (स्टेटमेंट संपल्याची खूण) बदलतात, पोस्टग्रेसमध्ये मजकूर दुहेरी डॉलरच्या आत ठेवतात, ओरॅकलमध्ये शेवटी स्वतंत्र ओळीवर तिरकी रेघ देतात. प्रत्येक प्रोसीजर वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती फाइल पूर्ण चालवणं हेच सोपं.

आणि तुमच्या बारा क्वेरींच्या फाइलचं मी काय केलं असतं? तिचे दोन भाग. सिलेक्ट सगळ्या एका फाइलमध्ये. तिथे चुकून सगळं चाललं तर फक्त वेळ जाईल. अपडेट आणि डिलीट प्रत्येकी स्वतंत्र फाइलमध्ये, कंस घातलेले, वर त्यांचा काउंट आणि खाली कॉमेंटमधले कमिट-रोलबॅक. दुसऱ्या प्रकारची फाइल उघडताना कनेक्शन हाताने निवडावं लागेल असं ठेवा, आणि लाइव्ह डेटाबेसच्या कनेक्शनला लाल रंग द्या. मॅनेजमेंट स्टुडिओ, डीबीव्हर, डेटाग्रिप या तिन्हींत तो रंग देता येतो.